मोहरेची अंगठी वजनावर विकू नका, आधी ती वाचा

मंगरूळपीर तालुक्यातील आसेगाव असो, वाशीम-कारंजाची सराफ ओळ असो की रिसोडचा बाजार, जुनी चांदी मोडण्याचा व्यवहार सगळीकडे एकाच पद्धतीने होतो. डाग काट्यावर जातो, घट धरली जाते, खडा असेल तर तो उचकटून बाजूला टाकला जातो आणि उरलेल्या धातूचा त्या दिवसाचा भाव हातात पडतो. वाळे, तोरड्या, कडी यांच्या बाबतीत या व्यवहारात काही चूक नाही. परंतु त्याच गाठोड्यात कधी कधी उलटी अक्षरे कोरलेली एखादी अंगठी निघते, पितळी दांडीची लहानशी मोहर निघते किंवा लाल अकीकाचा कोरलेला खडा निघतो. असा डाग वजनावर गेला की विकणाऱ्याचे नुकसान होते आणि घेणाऱ्याचेही होते, कारण त्याची खरी किंमत धातूत नसते, त्यावर कोरलेल्या मजकुरात असते.

विलायतेत अशा कोरीव मोहरांचा, विशेषतः प्रेमाचे चतुर बोल कोरलेल्या मोहरांचा, दोनशे वर्षांपूर्वी मोठा धंदा होता आणि जुन्या मालाच्या बाजारात त्यांना आजही गिऱ्हाईक आहे. आपल्याकडेही ही कला होती व ती विलायतेपेक्षा कमी प्रतीची नव्हती. ती काय होती, हाती आलेली मोहर कशी ओळखावी, कायदा काय म्हणतो आणि आजच्या कारागिराला यातून काम कसे मिळेल, हे आम्ही या लेखात व्यापारी व कारागीर बांधवांपुढे मांडत आहोत.

मोहर म्हणजे माणसाची सही

सही करण्याची पद्धत सार्वत्रिक होण्यापूर्वी मोहर हीच सही होती. पत्र, सनद, खरेदीखत, निकाहनामा, वक्फनामा यांवर मोहर उमटली की कागद पक्का झाला. मराठीतला ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द येथूनच आला. पत्राच्या माथ्यावर मोठा शिक्का आणि मजकूर संपला तेथे लहान मोर्तब. त्यामुळे खाली कोणी चार ओळी वाढवू शकत नसे. ‘लखोटा’ हा शब्दही त्याच व्यवहारातला आहे. लाख लावून, वर मोहर दाबून बंद केलेले पत्र म्हणजे लखोटा.

इस्लामी इतिहासात मोहरेच्या अंगठीचा उल्लेख सुरुवातीपासून आहे. हजरत मुहम्मद (स.) यांनी रोमच्या राज्यकर्त्यांना पत्र पाठविण्याचे ठरविले, तेव्हा मोहर नसलेले पत्र ते लोक वाचत नाहीत असे सांगण्यात आले. म्हणून चांदीची अंगठी तयार करून तिच्यावर ‘मुहम्मद रसूलुल्लाह’ ही अक्षरे तीन ओळींत कोरण्यात आली, असे हदीसमध्ये आहे. असाच मजकूर दुसऱ्या कोणी आपल्या अंगठीवर कोरू नये, अशी ताकीदही त्याच प्रसंगी देण्यात आली. व्यापाऱ्याने या ताकिदीकडे जरूर लक्ष द्यावे. मोहर ही सही असल्यामुळे तिची नक्कल म्हणजे खोटी सही, हा नियम तेव्हाच घालून दिला गेला. पुढे ही अंगठी पहिल्या तीन खलिफांच्या हाती आली आणि हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात मदिनेच्या अरीस नावाच्या विहिरीत पडून हरवली.

आपल्या भागात निजामाच्या अमलात काझी, देशमुख, देशपांडे, जमीनदार व सरकारी अंमलदार यांच्या मोहरा कागदोपत्री चालत. ज्यांना लिहिता येत नसे त्यांची निशाणी चित्राची असे. पाटलाची निशाणी नांगर, पेठेच्या शेट्याची तागडी. कागदावर नांगर काढलेला दिसला की हा पाटील, हे सर्वांना कळे.

मोहरेवरचा उखाणा

केवळ नाव आणि हुद्दा कोरला तर ती साधी मोहर झाली. फारसी जाणणाऱ्या लोकांनी तिच्यात एक खेळ आणला. एखादी यमकाची ओळ अशी रचायची की मालकाचे नाव त्या ओळीत शब्द म्हणूनही बसावे आणि नाव म्हणूनही वाचता यावे. याला ‘सजअ’ म्हणत. नावाचा अर्थ ‘प्रकाश’ असेल तर ओळ दिव्याची, अर्थ ‘सेवक’ असेल तर ओळ चाकरीची. वाचणाऱ्याला आधी ओळ कळते, मग नाव सापडते आणि मग तो हसतो.

मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची फार गरज नाही. आपल्या घरच्या लग्नात नवरी नवऱ्याचे नाव ओळीत गुंफून घेते, तो उखाणा म्हणजे हीच करामत. फरक इतकाच की उखाणा तोंडी असतो व ऐकणाऱ्यांबरोबर उठून जातो. सजअ दगडात कोरलेला असतो आणि दोनशे वर्षांनीही वाचता येतो.

याचे सर्वांना माहीत असलेल्या माणसाचे उदाहरण म्हणजे मिर्झा गालिब. त्यांचे नाव असदुल्लाह आणि तखल्लुस गालिब. त्यांच्या हिजरी १२३१ च्या, म्हणजे इ. स. १८१५-१६ च्या मोहरेवर ‘असदुल्लाह अल-गालिब’ असे शब्द होते. हा हजरत अली (रजि.) यांच्यासाठी वापरला जाणारा किताब आहे, अर्थ ‘अल्लाहचा विजयी सिंह’. दोन शब्दांत किताबही आला आणि स्वतःचे नाव व तखल्लुसही आले. तेव्हा त्यांचे वय अठराच्या आसपास होते.

ही हौस फक्त फारसीपुरती होती असेही नाही. इसवी सनाच्या पाचव्या शतकात विदर्भावर वाकाटकांचे राज्य होते आणि त्यांची एक शाखा वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीम येथून कारभार पाहत होती. त्याच घराण्याच्या नंदिवर्धन शाखेतील दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटांना जी मुद्रा जोडलेली असे, तिच्यावरच्या पद्यात ‘शासन’ हा शब्द दोन अर्थांनी खेळवलेला आहे: राजाचे शासन म्हणजे आज्ञा, आणि तीच शत्रूला शासन म्हणजे शिक्षा. मराठीत हे दोन्ही अर्थ आजही चालतात, म्हणून दीड हजार वर्षांपूर्वीचा तो श्लेष वाशीमच्या माणसाला शब्दकोश न उघडता कळतो.

दरबारातले मुहरकन

मोहर कोरणाऱ्याला ‘मुहरकन’ म्हणत. आईन-ए-अकबरीत शाही मोहरांवर स्वतंत्र प्रकरण असून मौलाना मकसूद, तमकीन काबुली, मौलाना अली अहमद देहलवी अशा कारागिरांची नावे त्यात नोंदलेली आहेत. मौलाना मकसूद यांनी बादशहाचे व तैमूरपर्यंतच्या त्याच्या पूर्वजांचे नाव पोलादावर कोरले होते. हाताने काम करणाऱ्या माणसाचे नाव बादशाही ग्रंथात येणे ही लहान गोष्ट नव्हे.

यांपैकी अली अहमद यांची हकीकत सांगण्याजोगी आहे. त्यांचे वडील हुसेन हेही मुहरकन. अली अहमद कोरीवकामाबरोबर शायरीही करीत आणि त्यांनी तखल्लुस घेतला होता ‘निशानी’. निशाण्या कोरणाऱ्याने आपले नाव निशानी ठेवावे, हाही एक सजअच म्हणायचा. १६१० साली जहांगीर बादशहासमोर कव्वाल अमीर खुसरोंचा एक शेर गात होते. बादशहाने त्या शेरामागची हकीकत विचारली. मुल्ला अली अहमद पुढे आले, हजरत निजामुद्दीन औलिया आणि खुसरो यांचा तो प्रसंग सांगू लागले आणि शेराचे शेवटचे शब्द उच्चारताना त्यांचा तोल गेला. ते खाली पडले ते उठलेच नाहीत. जहांगीरने ही घटना आपल्या आत्मचरित्रात स्वतः लिहून ठेवली आहे.

त्याच जहांगीरने आपल्या अखेरच्या वर्षांत बेगम नूरजहानच्या नावाने नाणी पाडली. नूरजहानचे नाव लागल्याने सोन्याचे सौंदर्य शंभर पटींनी वाढले, अशा आशयाची फारसी ओळ त्या नाण्यांवर होती. राज्याच्या नाण्यावर पतीने पत्नीचे कौतुक छापावे, याहून मोठी प्रेमाची मोहर कोणती?

विलायतेतील प्रेमाच्या मोहरा

आता विलायतेकडे वळू. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात इंग्लंड-फ्रान्समधील शिकला-सवरलेला माणूस पत्राची घडी घालून तिच्यावर लाख टाकीत असे आणि ओल्या लाखेत आपली मोहर दाबीत असे. पुरुषाच्या घड्याळाच्या साखळीला दोन-तीन मोहरा लोंबत, बायकांच्या गळ्यात वा बोटात त्या दागिना म्हणून असत. सरदार घराण्यांची मोहर कुळचिन्हाची. परंतु ज्यांना कुळचिन्ह नव्हते अशा दुकानदार, वकील, शिक्षक, नवऱ्या मुली यांनाही मोहर हवी होती. त्यांच्यासाठी बाजारात तयार चित्र-बोलांच्या मोहरा आल्या.

या मोहरांची गंमत अशी की चित्र अर्धी गोष्ट सांगते आणि अक्षरे उरलेली अर्धी. समुद्रात नाव, वर एकच तारा आणि फ्रेंच बोल: तुला गमावले तर मी हरवलो. झाडाला बिलगलेली वेल आणि बोल: जेथे जडते तेथेच मरते. काही ठिकाणी केवळ एक फूल असे. पॅन्सी नावाच्या फुलाला फ्रेंचमध्ये ‘पाँसे’ म्हणतात आणि ‘विचार, आठवण’ यालाही तोच शब्द. म्हणून पॅन्सी कोरली की ‘आठवण ठेव’ हा निरोप आपोआप पोहोचला. बोल बहुधा फ्रेंचमध्ये असत, कारण ती त्या काळी शिष्टांची भाषा होती आणि शिवाय घरच्या नोकराला कळत नसे.

याच सुमारास खड्यांच्या आद्याक्षरांनी शब्द सांगणाऱ्या अंगठ्याही निघाल्या. रुबी, एमरल्ड, गार्नेट, अमेथिस्ट, रुबी, डायमंड असे सहा खडे ओळीने बसवले की त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘रिगार्ड’ म्हणजे आदर-स्नेह हा शब्द होतो. ज्याला गुपित ठाऊक तोच वाचणार. आपल्या भाषेत हे करता येणार नाही असे कोणी समजू नये. हिरा, माणिक, नीलम हे तीन खडे ओळीने बसवा आणि पहिली अक्षरे वाचा: हि-मा-नी. मुलीचे नाव तयार झाले.

हा माल सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणला तो जेम्स टॅसी या स्कॉटिश कारागिराने. १७३५ साली जन्मलेला टॅसी १७६६ मध्ये लंडनला आला. त्याने रंगीत काचेची लगदी साच्यात दाबून कोरीव खड्यांच्या हुबेहूब प्रती काढण्याची पद्धत बसवली. दगडावर कोरायला जे काम कित्येक दिवसांचे, ते साच्यातून पाहिजे तितक्या वेळा निघू लागले. १७९१ मध्ये त्याच्या मालाची छापील यादी निघाली, तिच्यात पंधरा हजारांहून अधिक नमुने होते. रशियाची राणी कॅथरीन हिने त्याच्याकडून पूर्ण संच मागवला होता आणि सामान्य गिऱ्हाईक एकच मोहर घेऊन जात होते. राणीपासून सामान्यापर्यंत सर्वांना एकाच यादीतून माल देणे, हे त्या माणसाचे व्यापारी कसब होते.

१८४० साली इंग्लंडमध्ये एका पेनीचे टपाल सुरू झाले, पुढे डिंक लावलेली पाकिटे आली आणि लाख-मोहरेची गरज संपत गेली. मोहरा कपाटात गेल्या आणि तेथून जुन्या मालाच्या बाजारात आल्या.

कच्चा माल आपला

विलायतेच्या या धंद्यात आपला हिस्सा काय होता, हेही पाहिले पाहिजे. ज्या लाखेत या मोहरा दाबल्या जात ती लाख हिंदुस्थानच्या जंगलात पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर किडा तयार करतो. ज्या लाल दगडावर मोहर कोरली जाते तो अकीक गुजरातेत रतनपूरच्या डोंगरात निघतो व खंभातच्या कारखान्यांत घडवला जातो. खाणीतून निघताना तो पिवळट-तपकिरी असतो. उन्हात वाळवून व मडक्यात घालून मंद आचेवर भाजला की लाल होतो. रतनपूरच्या टेकडीवर बाबा घोर यांचा दर्गा आहे आणि अकीकाचे कारागीर त्यांना या धंद्याचे पीर मानतात.

अकीकच का, याचे कारण साधे आहे. तो पोलादी पात्याने ओरखडत नाही, त्यामुळे अक्षर झिजत नाही. तो ठिसूळ नाही, त्यामुळे बारीक रेघ कोरताना कपचा उडत नाही. आणि गरम लाख त्याला चिकटत नाही, ठसा स्वच्छ सुटतो.

कंपनीच्या काळात हिंदुस्थानात नोकरीला आलेले अनेक इंग्रज अंमलदार आपले नाव व फारसी किताब नस्तालिक अक्षरांत कोरून घेत, कारण फारसी कागदांवर तशीच मोहर चालत असे. दिल्लीचे बद्रुद्दीन अली खान हे गालिबच्या काळातले नामांकित मुहरकन मोगल दरबाराचे काम करीत आणि इंग्रज साहेबांचेही. म्हणजे कसब आपले होते, दगड आपला होता आणि लाखही आपली होती. टॅसीने जी छापील यादी काढली व घरोघर माल पोहोचवला, तेवढे मात्र आपण केले नाही.

हाती आलेली मोहर कशी ओळखावी

पहिली गोष्ट, ती साफ करू नका. तेजाब, चिंच, रांगोळी, तारेचा ब्रश यांपैकी काहीही लावू नये. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसावी, इतकेच. अक्षरांत अडकलेला काळा थर बहुतेक वेळा जुन्या शाईचा असतो आणि तो जुनेपणाची साक्ष देतो.

दुसरी गोष्ट, खडा उचकटू नका. खडा आणि कोंदण एकत्र असेल तरच वस्तूचा काळ ठरवता येतो.

तिसरी गोष्ट, ठसा घ्या. मोहरेवर अक्षरे उलटी असतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी वाचताना फसगत होते. घट्ट मळलेल्या कणकेत किंवा मऊ मेणात हलकेच दाबली तरी मजकूर सुलटा दिसतो. तेही नको असेल तर मोहर आरशासमोर धरा किंवा फोटो काढून तो मोबाइलवर उलटा करून पाहा.

आता देशी आणि विलायती मोहर यांतला फरक. आपल्याकडे कागदावर मोहर प्रामुख्याने शाईने उमटवीत. काजळाची शाई मोहरेच्या सपाट तोंडाला लावायची, कागद किंचित ओला करायचा आणि दाबायचे. कोरलेली अक्षरे पांढरी राहतात व भोवतालची जमीन काळी येते. म्हणून देशी मोहरेचे तोंड सपाट व कोरीवकाम उथळ असते. विलायती मोहर लाखेसाठी असल्याने तिची कोर खोल असते, चित्राला गोलाई असते, आणि लाखेत ते चित्र उठून येते.

फारसी मोहर वाचताना बऱ्याच वेळा खालच्या ओळीपासून वर जावे लागते. ‘फिदवी’, ‘बंदा’ हे शब्द असतील तर मालक कोणा वरिष्ठाच्या चाकरीत होता. ‘खादिमे शरअ’ असे शब्द असतील तर मोहर काझीची. सन बहुधा आकड्यांत असतो व तो मोहर कोरल्याचा असतो, कागद लिहिल्याचा नव्हे. एकच मोहर माणूस वीस-तीस वर्षे वापरू शकतो, हे विसरू नये.

सनाचा हिशोब असा. हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, सुमारे इसवी सन येतो. दख्खनी फसली सन असेल तर ५९० मिळवा. जुन्या मराठी कागदावर शुहूर सन असेल तर ५९९ मिळवा. एखाद-दुसऱ्या वर्षाचा फरक पडेल, पण शतक चुकणार नाही.

खोटा माल ओळखण्यासाठी भिंग पुरेसे आहे. हाताची कोर धनुकलीने फिरवलेल्या सळईने, कुरुंदाची किंवा हिऱ्याची पूड व तेल लावून केलेली असते. तिच्यात रेघेची जाडी कमीजास्त होते आणि टोके निमुळती असतात. यंत्राची कोर सगळीकडे सारख्या खोलीची दिसते. काचेत भिंगाखाली बुडबुडे दिसतात. मात्र काच म्हटली की टाकाऊ, असेही नाही. टॅसीचा माल काचेचाच होता. जुन्या वस्तूची झीज कडांना व हाताळलेल्या जागी असते. अक्षरांच्या खोलगट भागातही सारखीच झीज दिसली तर संशय घ्यावा.

मोहर आणि कागद एकत्र ठेवा

एक गोष्ट आम्ही मुद्दाम वेगळी सांगतो. घरात मोहर असेल तर बहुधा तिचे कागदही असतील. मशीद, दर्गा, कब्रस्तान किंवा इनाम जमीन यांच्या जुन्या सनदा, काझीने मोहर केलेले निकाहनामे, वाटणीपत्रे हे कागद रद्दीत देऊ नयेत आणि मोहरेपासून तोडू नयेत. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य माणसाच्या ताब्यातून न्यायालयासमोर आला, तर त्यावरची सही व हस्ताक्षर खरे आहे असे गृहीत धरण्याची मुभा पुराव्याच्या कायद्यात आहे. कागदावरचा ठसा घरातल्या मोहरेशी जुळत असेल तर त्या कागदाच्या खरेपणाला मोठा आधार मिळतो. मोहर आठ-दहा ग्रॅम चांदीच्या भावाने गेली तर हा आधार तिच्याबरोबर गेला. वाचून घ्यायचे असल्यास नागपूरचे पुराभिलेखागार, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ यांसारख्या संस्थांत, तसेच फारसी व मोडी जाणणाऱ्या जाणकारांकडे विचारणा करता येते.

कायदा काय म्हणतो

या मालाचा व्यापार करण्यापूर्वी कायदा माहीत असलाच पाहिजे. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७६ पासून लागू आहे. त्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कोरीव वस्तू पुरावस्तू ठरू शकते; ऐतिहासिक वा वाङ्मयीन महत्त्वाच्या हस्तलिखितासाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पाठवल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद व दंडाची तरतूद आहे. म्हणून आखातातून किंवा विलायतेतून कोणी मोठी किंमत देऊ करून “पार्सल करा” म्हणाला तर त्या फंदात पडू नये.

देशातल्या देशात पुरावस्तू विकण्याचा धंदा करायचा असेल तर परवाना लागतो. वाडवडिलांची मोहर घरात बाळगणे हा गुन्हा नाही, परंतु काही वर्गांतील पुरावस्तूंची नोंदणी सक्तीची आहे. आपली वस्तू त्यात येते की नाही हे पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे विचारून घ्यावे. शेत नांगरताना वा घराचा पाया खणताना जमिनीत काही सापडले तर १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. आणि कोणाची खोटी मोहर किंवा सरकारी शिक्का कोरून देणे हा सरळ फौजदारी गुन्हा आहे. “नुसता नमुना करून द्या” असे सांगणारे गिऱ्हाईक कितीही ओळखीचे असले तरी परत पाठवावे.

कारागिरासाठी काम

जुन्या मालाच्या व्यापाराला अशी बंधने आहेत. नव्या मालाला ती नाहीत. नवी मोहरेची अंगठी, पदक, लॉकेट कारागीर मोकळेपणाने बनवू शकतो, परदेशी गिऱ्हाइकालाही रीतसर विकू शकतो. सोन्याचा माल असेल तेथे हॉलमार्कचे नियम पाळावेत. लग्नपत्रिकेच्या पाकिटावर लाखेची मोहर लावण्याची हौस आता पुन्हा आली आहे. त्यासाठी पितळी ठसे लागतात व ते बहुतेक मोठ्या शहरांतून किंवा बाहेरून मागवले जातात. नक्षीकाम करणारा तालुक्याचा कारागीर हे काम करू शकतो.

परंतु केवळ दोन आद्याक्षरे कोरून दिली तर यंत्रवाला ते स्वस्तात करणार. कारागिराने बोल विकला पाहिजे. गिऱ्हाइकाला नाव विचारावे, नावाचा अर्थ काढावा आणि चार-पाच शब्दांत तो खेळवावा. नूर म्हणजे प्रकाश, तर ‘घरात नूर, अंधार दूर’. अमीन म्हणजे ठेव सांभाळणारा विश्वासू माणूस, तर त्याच्या बायकोच्या अंगठीवर ‘मन अमीनकडे, पावती बोटात’. व्यापाऱ्याच्या घरात असा बोल शोभतो आणि असे वाक्य यंत्राच्या यादीत मिळत नाही. उखाणे रचणाऱ्या बायका आपल्या प्रत्येक घरात आहेत. हे काम त्यांच्याकडून करून घेऊन त्याचा मोबदला त्यांना द्यावा.

कोरण्याबाबत काही सूचना. मजकूर आधी कागदावर सुलटा लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यावी, मगच तो उलटा करून उतरवावा. देवनागरीत पहिल्या वेलांटीची फार गल्लत होते. ठशावर ती अक्षराच्या डाव्या बाजूला यायची असेल तर मोहरेवर उजव्या बाजूला कोरावी लागते. उर्दूत नुक्ते मोजून घ्यावेत. एक नुक्ता चुकला की नावाचा अर्थ बदलतो. अंगठीच्या तोंडावर जागा बोटाच्या पेराएवढी असते, तेथे बारा-पंधरा अक्षरांपेक्षा जास्त कोंबू नयेत. लांब बोल असेल तर नाव तोंडावर व बाकीचा मजकूर कड्याच्या आतल्या बाजूस घालावा. शेवटचा पॉलिश करण्यापूर्वी मेणात ठसा घेऊन गिऱ्हाइकाला दाखवावा. लाखेसाठी ठसा करायचा असेल तर कोर खोल व बाजू किंचित उतरत्या ठेवाव्यात, म्हणजे लाख अडकणार नाही.

प्रत्येक कामाचा एक ठसा वहीत लावून ठेवण्याची सवय लावावी. शंभर कामे झाली की तीच वही यादी म्हणून गिऱ्हाइकापुढे ठेवता येते. टॅसीच्या धंद्याची उभारणी अशाच यादीवर झाली होती.

सराफ बांधवांना आमची शेवटची विनंती एवढीच की, मोडीच्या गाठोड्यात अक्षरे असलेला डाग दिसला तर तो लगेच मुशीत टाकू नये. विकायला आलेल्या माणसाला त्यावर काय लिहिले आहे ते विचारावे. त्याला ठाऊक नसेल तर ठसा घेऊन त्याच्या हाती द्यावा आणि घरच्या वडीलधाऱ्यांना दाखवून ये असे सांगावे. कदाचित तो डाग परत येणार नाही व त्या दिवसाचा सौदा बुडेल. पण त्या माणसाला आजोबांचे नाव वाचायला मिळाले असेल, आणि पुढच्या वेळी लग्नाचे दागिने घ्यायला तो त्याच दुकानात येईल.